पीस की शिवलेलं?

तुम्ही कधी एकच भांडण सलग तीन वर्षं ऐकलंय का? नवरा-बायकोचं नाही म्हणत मी, ते सगळ्यांच्याच घरी असतं. मी म्हणतेय ते ऑफिसातलं, शिकल्यासवरल्या माणसांचं. सकाळी दहाला सुरू होणारं आणि चहा आला की तेवढ्यापुरतं थांबणारं! मी ऐकलंय. चहा मीच करते, त्यामुळं ते कधी थांबवायचं हेही माझ्याच हातात.

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. पिठाच्या गिरणीत डबा घेऊन नुसतं उभं राहिलं तरी घरी येईपर्यंत पदर पांढरा झालेला असतो. झटकला तरी थोडं पीठ राहतंच. तसंच हे.

मी उस्मानपुऱ्यातल्या एका ऑफिसात कामाला आहे. तिथं वेबसाइट बनवतात. माझं शिक्षण दहावी. दार उघडायचं, झाडून घ्यायचं, पाण्याचा जार दुसऱ्या मजल्यावर चढवून घ्यायचा, चहा करायचा, आलेल्या माणसाला बसवायचं, ही माझी कामं. इमारतीला लिफ्ट आहे. ती चालते असं मात्र कुणी म्हणत नाही.

ऑफिसात माणसं मोजकी. सर म्हणजे मालक. त्यांचं एकच वाक्य, "फायनल काय ते सांगा." मग प्रज्ञा. कमी बोलते, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं. आणि फिरोज. तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, बोलताना निम्मं मराठी, निम्मं आपलं इकडचं हिंदी. प्रज्ञा मला सुमनताई म्हणते, फिरोज खाला म्हणतो, म्हणजे मावशी. दोघांचाही माझ्यावर जीव आहे. एकमेकांवर किती आहे ते विचारू नका.

भांडण कशावरून? वेबसाइटचं पान कुठं तयार करायचं यावरून!

"सर्व्हरवर तयार करायचं आणि तयार पान पाठवायचं," प्रज्ञा म्हणते. सर्व्हर म्हणजे लांब कुठंतरी ठेवलेला मोठा कॉम्प्युटर.

"बिलकुल नाही! फक्त सामान पाठवायचं. पान ज्याच्या त्याच्या फोनमध्ये तयार होईल," फिरोज म्हणतो.

एरवी मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. पण गेल्या वर्षी माझ्या माहेरच्या रुखमाबाईचं काम या भांडणात सापडलं, आणि मलाही त्यात पडावं लागलं.

*

पण आधी माझीच फजिती सांगते.

त्या दोघांच्या पद्धतींना इंग्रजी नावं आहेत. प्रज्ञाची ती सर्व्हर-साइड, फिरोजची ती क्लायंट-साइड. आता आमच्या ऑफिसात गिऱ्हाइकाला क्लायंट म्हणतात. "क्लायंट आलेत, चहा आणा." "क्लायंट चिडलेत, आधी पाणी आणा." त्यामुळं पहिले सहा महिने मी असंच धरून चालले होते की फिरोज गिऱ्हाइकाच्या बाजूनं भांडतो आणि प्रज्ञा त्यांच्या विरोधात! मला वाईटही वाटायचं. एवढी गुणाची मुलगी, गिऱ्हाइकाशीच का बरं वैर धरते?

एकदा एक हॉटेलवाले आले. वेबसाइटला उशीर झाला म्हणून तापलेले. सर बाहेर गेले होते. मी पाणी दिलं आणि धीर द्यावा म्हणून म्हटलं, "साहेब, तुम्ही निर्धास्त राहा. आमचा फिरोज पक्का क्लायंट-साइडचा आहे. रोज भांडतो. प्रज्ञा मॅडमच तेवढं ऐकत नाहीत."

ते आत गेले. प्रज्ञाच्या टेबलासमोरची खुर्ची उचलली आणि फिरोजजवळ नेऊन ठेवली. प्रज्ञानं काही विचारलं की ते फिरोजकडं बघून उत्तर द्यायचे. शेवटी ती म्हणाली, "सर, तुमची वेबसाइट मीच बनवतेय."

ते म्हणाले, "तेच तर कळलंय मला आत्ता!"

*

त्या दिवशी प्रज्ञानं मला समोर बसवलं आणि सगळं नीट समजावलं. संक्रांतीचे दिवस होते. माझ्या पिशवीत हळदी-कुंकवातून आलेले चार ब्लाउजपीस होते. ते बघता बघता माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"म्हणजे हा नुसता पीस देतो आणि तू शिवून देतेस!"

फिरोजनंही खुर्ची ओढून जवळ आणली.

मी म्हटलं, "अगं, आपण ओटीत ब्लाउजपीस देतो. कापड चांगलंच असतं. पण पुढं काय? जिच्या घरी मशिन आहे तिचा त्याच दिवशी शिवून होतो. जिच्याकडं नाही, तिच्या कपाटात तो तसाच पडून राहतो आणि पुढच्या संक्रांतीला दुसरीच्या ओटीत जातो. तसंच ना?"

प्रज्ञा टाळी वाजवून म्हणाली, "हेच मी सहा महिने सांगतेय!"

फिरोज ऐकतोय थोडाच! "खाला, आजकाल सबके फोन में मशिन है. आणि समजा सगळ्यांचे ब्लाउज एकाच शिंप्याकडं टाकले, तर लग्नसराईत त्या शिंप्याचं काय होतं, सांगा ना!"

आता यावर मी काय बोलणार? गुलमंडीतल्या शिंप्याकडं मी माझ्या भाच्याच्या लग्नासाठी ब्लाउज टाकला होता. तो मला भाच्याच्या मुलाच्या बारशाला मिळाला!

तेव्हापासून ऑफिसात हेच शब्द रुळले. सर्व्हर-साइड गेलं, क्लायंट-साइड गेलं. "हे पान पीस आहे की शिवलेलं?" एवढंच. सर तर बाहेरच्या माणसांशीही तसंच बोलायला लागले. एकदा एका डॉक्टरांना फोनवर म्हणाले, "फायनल काय ते सांगा डॉक्टर, तुम्हाला पीस देऊ की शिवलेलं?"

 डॉक्टर म्हणाले, "मिसेसना विचारून कळवतो."

*

आता रुखमाबाई.

खुलताबादच्या पुढं डोंगरावर एक वाडी आहे, ते माझं माहेर. घरोघरी मेंढरं. लोकर कातायची बायकांनी, घोंगडी विणायची पुरुषांनी. रुखमाबाई आमच्या शेजारची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दसऱ्याच्या आसपास ती खांद्यावर घडी घातलेली घोंगडी टाकून दोन जिने चढून आमच्या ऑफिसात आली. मीच बोलावलं होतं.

सरांसमोर बसली आणि म्हणाली, "सायेब, दरसाली व्यापाऱ्याचा टेम्पो येतो. ढिगानं उचलतो. कुणाची चांगली, कुणाची हलकी, बघत बी नाय. शहरात गेल्यावर तिच्यावर आमचं नाव नाय का गाव नाय. म्या म्हणते, नाव टाकून इकू. मला धरून एकोणीस बाया हायेत. लई मिनतवाऱ्या करून बाकीच्यांना थांबवलंय."

"मग अडलंय कुठं?" सरांनी विचारलं.

"त्या म्हणत्यात, आदी आमच्या फोनात आमची घोंगडी दाव. दिसली तर ठेवू. नायतर टेम्पोत टाकू आन् पुन्यांदा तुझं ऐकायचं नाय."

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी वाडीवर बायका जमणार होत्या. सोमवारी सकाळी टेम्पो यायचा होता. मधले दिवस आमच्याकडं होते. रुखमाबाईनं शब्द टाकला होता तो माझ्या भरवशावर. आणि मी माझा टाकला होता तो या दोन भांडणाऱ्यांच्या भरवशावर!

फिरोजनं पंधरा दिवसांत वेबसाइट बनवली. त्याच्या मोठ्या स्क्रीनवर ती अशी देखणी दिसली की मी हातातला कप ठेवून बघत राहिले. रुखमाबाईला बोलावलं. तिनं कंबरेची पिशवी सोडून आपला फोन काढला. फिरोजनं पत्ता टाकून दिला. तिनं फोन जवळ नेला, लांब धरला, पदरानं पुसला. पान पांढरंच.

मग शांतपणे म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं पांढरी घोंगडी नसती. मेंढरं काळी हायेत आमची."

*

सामान सगळं पोचलं होतं म्हणे, पण तिच्या फोनाला काही ते शिवता येईना. सर म्हणाले, "गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असणार. त्यांचे फोन भारी असतात. त्यांना दिसलं की झालं."

रुखमाबाई उठून उभी राहिली. "व्हय? मंग कातणारीला दिसू नाय आन् घेणाऱ्याला तेवढं दिसावं? व्यापाऱ्यात आन् तुमच्यात फरक काय ऱ्हायला, सायेब?"

सरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "फायनल. दोन्हीकडं दिसली पाहिजे."

मी तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. जिन्यात ती म्हणाली, "सुमे, होईल ना गं?"

मी म्हटलं, "होईल." तिला रिक्षात बसवलं आणि दोन जिने पुन्हा चढले.

*

मग माझ्या फोनचे दिवस आले.

माझा फोन जुना. काच एका कोपऱ्यात फुटलेली, बॅटरी दुपारपर्यंत टिकली तर नशीब. प्रज्ञानं तो हातात घेतला, उलटा-पालटा केला आणि म्हणाली, "सुमनताई, हा रुखमाबाईंच्या फोनपेक्षाही गरीब आहे. याच्यावर चाललं तर वाडीवर नक्की चालेल."

झालं! रोज सकाळी मी दार उघडायच्या आत फिरोज जिन्यात हजर. "खाला, फोन द्या." संध्याकाळी प्रज्ञा. "सुमनताई, एक मिनिट." माझ्या बहिणीचा फोन आला की फिरोजच उचलायचा आणि सांगायचा, "खाला बिझी है, टेस्टिंग चालू है." बहिणीला वाटलं मला काहीतरी आजार झालाय आणि तपासण्या चालल्यात. ती फळं घेऊन घरी आली!

पण खरं दुखणं दिवाळीत झालं. सरांनी मनापासून ठरवलं होतं की यंदा सुमनताईंना नवा फोन द्यायचा. माझी मुलगी नांदेडला असते. नातीला फोनवर बघायचं म्हटलं की माझ्या फोनात तिचं नुसतं कपाळ दिसतं आणि तेही थांबून थांबून. सर फोनचा डबा घेऊन आले, तशी प्रज्ञा आणि फिरोज दोघंही खुर्चीतून उठले.

"सर, नको!" प्रज्ञा म्हणाली.

"सर, बरबाद हो जाएंगे!" फिरोज म्हणाला.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं, ते माझ्या नव्या फोनच्या विरोधात!

सरांनी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला मिठाई दिली. म्हणाले, "काम झालं की तुमचाच आहे." रुखमाबाईचं काम होतं. मिठाई घेऊन घरी गेले आणि नातीचं कपाळ बघितलं.

*

प्रज्ञानं आपल्या पद्धतीनं केलेलं पान माझ्या फोनवर भर्रकन उघडलं. सर्व्हरवर सगळं शिवून तयार, फोनला काहीच करायचं नाही. काळी घोंगडी, खाली "सोनाबाई" असं नाव, त्याखाली हिरवं बटण, "ही घोंगडी घ्या". मला एवढा आनंद झाला की मी लगेच बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. अंगठ्यानं दाबलं, बोटानं दाबलं, फोन पालथा करून पुन्हा सरळ केला. बटण आपलं जागच्या जागी, हिरवंगार.

प्रज्ञा कपाळाला हात लावून म्हणाली, "पान तयार गेलंय ताई, पण बटण चालायला लागणारं सामान अजून वाटेत आहे. ते आलं की चालेल."

"म्हणजे ब्लाउज शिवून आलाय, पण हुक लावायचे राहिलेत," मी म्हटलं.

फिरोज पलीकडून ओरडला, "और बाई लग्न में निकल भी गई!"

प्रज्ञा हसली नाही. त्या दिवशी ती डबाही न खाता बसली होती. मी तिच्यासमोर डबा उघडून ठेवला, तर म्हणाली, "ताई, वाडीवर एवढी रेंज तरी असते का, की हुक पोचतील?"

मी म्हटलं, "पाण्याच्या टाकीजवळ असते." मला तेवढंच माहीत होतं.

*

सगळ्यात मोठा घोळ मात्र रविवारच्या तीन दिवस आधी झाला, आणि तो प्रज्ञाकडून झाला.

एकोणीस बायकांना आपापलं पान उघडता यावं अशी सोय केली होती. वर "नमस्कार" आणि नाव, खाली तिची घोंगडी. आता प्रत्येकीचं पान दर वेळी नव्यानं शिवायचं म्हणजे शिंप्याचं काम वाढतं. म्हणून एकदा शिवलेलं जपून ठेवायचं आणि पुन्हा कुणी मागितलं की तेच द्यायचं, अशी एक रीत असते म्हणे. प्रज्ञानं ती केली. पण पहिलं पान रुखमाबाईनं उघडलं. तेच जपलं गेलं, आणि तेच सगळ्यांना गेलं!

एकीच्या मापाचा ब्लाउज एकोणीस जणींना!

सकाळी मला पहिला फोन सोनाबाईचा. सोनाबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात म्हातारी, तिच्यासमोर आवाज चढवायची कुणाची हिंमत नाही. म्हणाली, "सुमे, माझ्या फोनात नमस्कार रुखमाबाई असं येतंय म्हणं. नातवानं वाचून दावलं. मी सकाळपासनं रुखमी झालेय. आता रुखमीच्या घरची भांडी बी मीच घासू का?"

मी हसले. पण दुसऱ्या फोनला हसू आलं नाही. तो रुखमाबाईचा होता.

"सुमे, समद्यांच्या घोंगड्या म्या माझ्या नावावर केल्या, असं म्हणाय लागल्यात. बाया माझ्याकडं बघना झाल्या. दोघी तर टेम्पोवाल्याला होय म्हणून बसल्यात." मग म्हणाली, "उगंच केलं बघ हे."

तिनं फोन ठेवला. मी गॅस बंद करून स्टुलावर बसले. खरं सांगते, त्या दिवशी मी फार दमले. काम करून नाही. कुणाला तरी शब्द देऊन तो दुसऱ्यांच्या हातात सोपवला की माणूस बसल्या बसल्या दमतं.

फिरोजला ही केवढी संधी होती! तीन वर्षांची कसर काढता आली असती. पण तो दुपारी बाहेर जाऊन आला आणि प्रज्ञाच्या टेबलावर काहीतरी ठेवलं. मी चहा द्यायला गेले तेव्हा बघितलं. शिंप्याची मापाची टेप!

प्रज्ञानं ती गळ्यात अडकवली आणि तशीच कामाला बसली. तासाभरानं एक साहेब चौकशीला आले. तिच्या गळ्यातली टेप बघून मला हळूच म्हणाले, "बाई, वेबसाइटवाल्यांचं ऑफिस कोणत्या मजल्यावर?"

*

शनिवारी ते दोघं एका टेबलावर बसले. ऑफिसात मला इतकी शांतता सोसवेना, म्हणून मी तीनदा चहा नेला. शेवटी असं ठरलं की फोटो, नाव, गाव, हे सगळं प्रज्ञाच्या रीतीनं शिवून जायचं, प्रत्येकीच्या मापाचं. आणि बटणापुरतं सामान फिरोजनं पाठवायचं, अगदी चिमूटभर, म्हणजे कमी रेंजमध्येही पोचेल.

मी विचारलं, "मग जिंकलं कोण?"

प्रज्ञा म्हणाली, "ताई, घरी जा."

फिरोज म्हणाला, "खाला, आपका फोन जिंकला. आता चार्जिंगला लावा."

*

रविवारी दुपारी सरांच्या गाडीतून आम्ही वाडीवर गेलो. बायका टाकीजवळ जमल्या होत्या. पण बसलेल्या अशा, की रुखमाबाई एकीकडं आणि बाकीच्या दुसरीकडं. मध्ये दोन हातांची जागा मोकळी. 

 शेवटी रुखमाबाईच उठली. "आता दुसऱ्या कुणाचा तरी फोन आदी उघडा. माझा नको."

फिरोज सरळ सोनाबाईजवळ जाऊन खाली बसला. "आजी, तुमचा द्या." तिच्या नातवाचा जुना फोन होता तो, मागं रबर बँड लावलेला. फिरोजनं पत्ता टाकला. सगळ्या बायका मान लांब करून बघत होत्या. प्रज्ञा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. सर टाकीकडं तोंड करून उभे होते, त्यांना बघवत नव्हतं.

पान उघडलं. "नमस्कार, सोनाबाई." खाली काळी घोंगडी, कडेला दोन करड्या रेघा.

म्हातारीनं फोटोवरून बोट फिरवलं. "ह्या रेघांचं सूत म्याच कातलंय," ती म्हणाली. "हितं दोरा तुटला व्हता, त्यो बी दिसतोय की गं!"

मग काय विचारता! एकेक फोन निघाला. कुणाचा ब्लाउजातून, कुणाचा पिशवीतून, एकीचा तर डब्यातून. "माझी उघडा भाऊ." "आदी माझी!" "ही बघ, तुझी हलकीच दिसतीय गं!" "तुझीच दिसती तसली, डोळं तपासून घे!" मधली मोकळी जागा कधी भरली ते कळलंच नाही. रुखमाबाई अगदी मध्यभागी सापडली होती आणि तिला स्वतःचा फोन काढायला हातसुद्धा हलवता येत नव्हता.

पण अजून कुणी ठेवते असं म्हणालं नव्हतं. एकीनं सगळ्यांचं मन बोलून दाखवलं, "दिसतंय हे खरं. पन उद्या टेम्पो दारात उभा ऱ्हाईल, तवा त्याला नाय कसं म्हणायचं? दरसालचा माणूस हाय. लई गोड बोलतो."

सगळ्या रुखमाबाईकडं बघायला लागल्या. 

सोनाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती अजून फोनाकडं बघत होती. फिरोजला म्हणाली, "आरं लेकरा, हे हिरवं बटन कशाचं?"

"ते दाबलं की घोंगडी विकली गेली, आजी. पैसे नंतर, घरी पोचल्यावर."

"मंग?"

"मग तिथं 'विकली' असं येतं. पुन्हा दुसऱ्या कुणाला घेता येत नाही."

"कुनालाच नाय?"

"कुणालाच नाही."

"व्यापाऱ्याला बी?"

फिरोज हसला. "त्यालाही नाही, आजी. एकदा विकली ती विकली."

"बरं," सोनाबाई म्हणाली आणि फोन कंबरेला खोचला.

आम्ही चहा घेतला आणि उन्हं उतरायच्या आत निघालो. गाडीत सर एकदाच म्हणाले, "फायनल काही कळलं नाही." फिरोजनं मान हलवली. प्रज्ञा खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

सोमवारी मी नेहमीसारखं दार उघडलं, झाडून घेतलं, जार चढवून घेतला. फिरोज आला, कॉम्प्युटर लावला आणि "या अल्लाह!" म्हणून ओरडला. मी धावत गेले. स्क्रीनवर एकोणीस ऑर्डरी आल्या होत्या. एकोणीसच्या एकोणीस घोंगड्यांवर "विकली" असं लिहिलेलं. प्रज्ञानं घेणाऱ्यांचे पत्ते उघडले. पहिला पत्ता आमच्या वाडीचा. दुसरा आमच्या वाडीचा. तिसराही तिथलाच. सोनाबाईची रुखमाबाईनं घेतली होती, रुखमाबाईची सोनाबाईनं घेतली होती, आणि खाली शेवटपर्यंत अशीच एकीची दुसरीनं.

त्याच सकाळी वाडीवर टेम्पो आला, सगळ्या घोंगड्या विकल्या गेल्यात असं बायकांनी व्यापाऱ्याला फोन दाखवून सांगितलं आणि तो रिकामाच परत गेला.